गुड मॉर्निंग? कशावरून?

म्हसवडच्या अलीकडच्या एका गावातल्या हायस्कुलात मी गणिताची बाई म्हणून रुजू झाले, त्या पहिल्या सकाळची गोष्ट. प्रार्थना झाली, पोरं वर्गात गेली आणि शेजारच्या वर्गातून तो सगळ्या शाळांत सारखाच असणारा सूर आला, "गुऽऽड मॉऽऽर्निंग, सऽऽर!" यानंतर कुठल्याही शाळेत "सिट डाउन" ऐकू येतं. इथं ऐकू आलं, "कशावरून?"

मला वाटलं, आत कुणाची तरी खरडपट्टी चाललीय. दारातून डोकावले, तर एक उंच, किडकिडीत गृहस्थ फळ्यासमोर उभे. पांढरा शर्ट, बगलेत काळी छत्री. पोरंही सगळी उभीच. कुणी बसेना, कुणी हसेना. मग मधल्या बाकावरच्या एकाने हात वर केला.

"सर, आमची म्हस व्याली रातच्याला. रेडी झाली."

सरांनी छत्री एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली आणि गंभीरपणे विचारलं, "दोघी बऱ्या आहेत?"

"व्हय सर. खरवस आणू का उद्या?"

"आण. गुड. बसा."

आणि सगळा वर्ग धाडकन खाली बसला. सरांचं इंग्रजी शिकवणं सुरू झालं.

हे रोज चालायचं. सरांच्या वर्गात सकाळ आपोआप गुड होत नसे. ती कुणीतरी सिद्ध करून द्यावी लागे, आणि तोवर वर्ग उभा. माण तालुक्यात सकाळ गुड ठरवणं तसं सोपं काम नाही. आभाळ कोरडं, विहिरी कोरड्या, वर्षातले कितीतरी महिने टँकरवर डोळे लावून बसायचं. तरी पोरं काहीतरी शोधून आणायचीच. "सर, आज टँकर येळंवर आला." "सर, थोरल्या भावाचा फोन आला ल्हेच्या बर्फातनं." म्हणजे लेहच्या. घराघरातलं कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळे असे फोन बरेच यायचे. एक मुलगी एकदा नुसती म्हणाली, "सर, आज आई हसली." सरांनी तिला पुढचं काही विचारलं नाही. "गुड. बसा," एवढंच म्हणाले.

लहानमोठं कुठलंही कारण त्यांना चालायचं. चालायचं नाही ते फक्त ऐकीव. "सर, आज हवा छान आहे," असं कुणी म्हटलं की, "छान म्हणजे? गार? कोरडी? कुठून येतेय?" असं सुरू व्हायचं आणि ते पोरगं घामाघूम व्हायचं. एकदा एका हुशार मुलाने सांगितलं, "सर, तुम्ही आलात म्हणून गुड." सर म्हणाले, "हे कारण नाही, हे लोणी आहे. दुसरं सांग."

मी सांगलीची, विश्रामबागेत वाढलेली. नळ सोडला की पाणी येतं आणि गुड मॉर्निंगला गुड मॉर्निंगच म्हणतात, अशा जगातून आलेले. पहिला महिनाभर मला सरांचा हा प्रकार म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा वाटला. स्टाफरूममध्ये मी तसं बोलूनही दाखवलं. माझा स्वभाव पहिल्यापासून फटकळ.

"सर, साधा शब्द आहे हो. नमस्कार म्हणतो तसा. त्याचा एवढा कीस कशाला काढायचा?"

सर डबा खात होते. भाकरीचा घास खाली ठेवून म्हणाले, "बाई, गुड ही इंग्रजीच्या घरातली थोरली सून आहे. सकाळ झाली, हिला हाक. रात्र झाली, हिला हाक. पोरगं शहाणं निघालं, हीच. दूध नासलं नाही, तरी हीच. सुरीला धार असली तरी हीच आणि माणूस देवासारखा असला तरी हीच. राबून राबून तिच्या अंगात काही उरलं नाही. आणि कुणी तिला विचारत नाही, की बाई गं, तू जेवलीस का?"

"मग काय तिला माहेरी पाठवून देणार?"

"नाही. कामाला लावायचं, पण विचारून लावायचं."

 मी त्यांच्या डब्यातलं लोणचं घेतलं.

पोरांच्या वह्यांवरही त्यांनी कधी गुड किंवा व्हेरी गुड लिहिलं नाही. दुसऱ्या शिक्षकांची लाल गुडं पानापानावर पडलेली असायची. सरांच्या वह्यांवर असायचं, "तुझा आर आता उभा राहायला लागला." "तिसरं वाक्य तू स्वतः केलंस, ते ओळखू आलं." "हे शेजाऱ्याचं आहे, पण अक्षर तुझं सुधारलं." पोरं वह्या मिळाल्या की आधी ते वाचायची, मग मार्क बघायची. पालक मात्र वैतागायचे. एकजण तर वही घेऊन शाळेत आला. "आवं सर, चांगलं का वाईट, त्येवढं एका शब्दात लिवा की. एवढं वाचीत कोन बसणार?" सर म्हणाले, "तुम्ही." तो माणूस खरंच तिथं पायरीवर बसला आणि पोराची अख्खी वही वाचून गेला.

एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गात दोन मिनिटं थांबून शेरेबुकात गुड लिहिलं आणि ते निघाले. सरांनी अगदी अदबीने विचारलं, "साहेब, कशावरून?"  साहेब आधी लाल झाले, मग खुर्ची ओढून बसले आणि तास संपेपर्यंत उठले नाहीत. जाताना त्यांनी गुड खोडून पाच-सहा ओळी लिहिल्या. त्यातल्या दोन तक्रारीच्या होत्या. सर त्या दिवशी कमालीचे खूश होते.

घरी याचा त्रास एकाच व्यक्तीला होता. काकूंना. सरांची बायको म्हणजे ठेंगणीठुसकी, गोरीपान, हसरी बाई. मी गावात एकटी राहायची म्हणून रविवारी मला जेवायला बोलवायच्या. वांग्याचं भरीत असं करायच्या की बोटं चाटत राहावं. सर पहिला घास घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "वांगं आज कोवळं आहे. धूर आतपर्यंत धरलाय. मीठ किंचित मागे." काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ऐकलंस? लग्न झाल्यापासून नुसता पंचनामा. एकदा तरी भाजी चांगली झालीय म्हणावं की नाही माणसाने?"

मी म्हणायचे, "काकू, चांगलं झालंय भरीत."

"तू म्हणतेस गं. तू परवा आमटी खारट झाली होती तेव्हाही म्हणालीस." आणि मग नवऱ्याच्या ताटात आणखी भरीत वाढायच्या. त्यांची तक्रार किती खरी आणि किती लाडाची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एक सकाळ मात्र मी विसरू शकत नाही. नेहमीसारखा सूर आला, नेहमीसारखं "कशावरून?" आलं आणि कुणीच हात वर करेना. माझा तास शेजारच्याच वर्गात होता, भिंत अर्धीच, सगळं ऐकू यायचं.  मग एका मुलीचा आवाज आला, "सर, आज गुड न्हाई." आदल्या दिवशी तिच्या वडिलांनी बैलजोडी विकली होती. ती बैलं तिनं वासरं असल्यापासून सांभाळलेली. सर म्हणाले, "बरं. मग आज नुसतं म्हणा." आणि अख्ख्या वर्गाने हळू आवाजात म्हटलं, "मॉर्निंग, सर." सर म्हणाले, "मॉर्निंग. बसा." माझ्या वर्गातल्या पोरांनीही खडू-पेन्सिली खाली ठेवल्या होत्या. त्या दिवसानंतर मी वेळकाढूपणा हा शब्द पुन्हा काढला नाही.

आता संभाची गोष्ट सांगते, कारण सर म्हटलं की ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

संभा म्हणजे शेवटच्या बाकावरचा, भिंतीला टेकून बसणारा मुलगा. हुशार नाही, ढ नाही. दंगा नाही, बक्षीस नाही. हजेरीत "हजर" म्हणायचा तेवढाच त्याचा आवाज. बारावी होऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर तो साताऱ्याच्या भरतीला निघाला. गावातली निम्मी पोरं रोज पहाटे माळावर पळत असायची, त्यात हाही होता. वडील नव्हते. आई दुसऱ्यांच्या डाळिंबात कामाला जायची. भरती झाली तर घर उभं राहणार होतं, नाही झाली तर पोरगंही त्याच डाळिंबात जाणार होतं. शिवाय वयात बसायची ही त्याची शेवटचीच संधी होती.

भरतीला शाळेचं कॅरेक्टर सर्टिफिकेट लागतं. त्यात वर्तणुकीसमोर गुड लिहायचं, सही करायची, शिक्का मारायचा. वर्षानुवर्षं हे काम ऑफिसातले भाऊसाहेब करायचे. त्यांच्याकडे गुड आधीच लिहून ठेवलेला गठ्ठा असायचा, नाव तेवढं घालायचं. पण त्या वर्षी मुख्याध्यापकांची जागा रिकामी होती आणि सही करायचा अधिकार सेवाज्येष्ठ म्हणून सरांकडे आला होता.

भाऊसाहेबांनी कागद पुढे केला. सरांनी पेनाचं टोपण काढलं, नाव वाचलं, आणि टोपण परत लावलं.

"कशावरून?"

समोर संभा उभा होता. त्याने खाली बघितलं. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. मी तिथंच होते, मला राहवलं नाही.

"सर, हा वर्ग नाही. पोराचा जन्माचा प्रश्न आहे. सगळे लिहितात."

"म्हणून तर मला विचारायला हवं," सर म्हणाले. "संभाजी, तुझं एखादं सांग. काहीही. छोटं चालेल."

"काय सांगू सर? सांगण्याजोगं काय न्हाई," संभा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सर सकाळीच माझ्या दारात. "बाई, तुमची स्कूटी काढा. त्याच्या वस्तीवर जाऊ." उन्हात छत्री उघडून ते माझ्या मागे बसले. वाऱ्याने छत्री फुगली तेव्हा मी ओरडले, "सर, मिटा ती, नाहीतर आपण दोघं सांगलीला पोचू!" त्यांनी मिटली, पण नाराजीने.

वस्तीवर संभाची आई शेळ्यांना पाला टाकत होती. सरांना बघून ती गडबडली, चहा ठेवायला धावली. सरांनी सरळ मुद्द्याला हात घातला. संभा कसा मुलगा आहे?

"आवं, चांगला हाय वो सर."

"कशावरून?"

"आता कशावरून म्हंजी..." ती माउली गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "माजाच हाय की."

शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. "लय चांगलं पोरगं. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

"हे न केलेलं झालं, आजोबा. केलेलं सांगा."

म्हाताऱ्याने डोकं खाजवलं. दुकानदाराने डोकं खाजवलं. देवळाच्या पारावर बसलेल्या सगळ्यांनी "चांगलाच हाय, चांगलाच हाय" म्हटलं आणि कुणालाही त्याच्यापुढे जाता आलं नाही. सगळ्यांना खात्री होती आणि कुणाकडेच काही नव्हतं. दुपार टळली तसा माझा संताप वाढत गेला. मनात म्हटलं, हा माणूस एका शब्दाच्या नादात त्या बाईचं घर बुडवणार.

 परत येताना ओढा ओलांडल्यावर सर मागून म्हणाले, "बाई, आठवीपासून हा पोरगा माझ्यासमोर बसत होता. रोज सकाळी मी कशावरून विचारायचो. त्याने एकदाही हात वर केला नाही. आणि मीही त्याला कधी विचारलं नाही, कारण दुसरी पोरं तयारच असायची. मला त्याचं वाईट माहीत नाही, चांगलंही माहीत नाही. मग मी इतकी वर्षं काय बघत होतो?"

त्यांचा आवाज इतका पडला होता की माझा राग कुठल्या कुठे गेला.

पण हट्ट गेला नाही. सोमवारी त्यांनी संभाच्या सर्टिफिकेटवर वर्तणुकीसमोर सुंदर अक्षरात इंग्रजीत लिहिलं की माझ्या माहितीत वाईट काही नाही. सही केली, शिक्का मारला. संभाने कागद वाचला, घडी घातली, पाया पडला आणि गेला. भाऊसाहेब मला हळूच म्हणाले, "बाई, हे तिथं चालायचं न्हाई बघा."

नाहीच चाललं. भरतीच्या आदल्या संध्याकाळी मला साताऱ्याहून फोन आला. "बाई, कागद परत दिला त्यांनी. गुड पायजे म्हनत्यात. उद्या सकाळी न्हाई दिला तर आत सोडणार न्हाईत." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच मला जास्त लागलं. मी तशीच सरांच्या घरी गेले. काकूंनी ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नवऱ्यावर ओरडताना पाहिलं. "माझ्या भाजीला नका म्हणू चांगली, मी काही मागितलं नाही कधी. पण त्या पोराच्या ताटात माती घालू नका."  सर छत्री घेऊन पहाटेच्या एसटीला माझ्याआधी हजर होते. शाळेचा शिक्का माझ्या पर्समध्ये होता, कारण तो ते नक्की विसरले असते.

मैदानाच्या कुंपणाबाहेर पोरांची ही गर्दी. कुणी अनवाणी, कुणी बूट हातात धरलेलं. आईबाप भाकरीच्या फडक्याशेजारी बसलेले. फाटकापाशी टेबलावर एक हवालदार कागद तपासत होता. त्याने सरांचा कागद बघितला आणि चांगल्या शब्दांत म्हणाला, "मास्टरजी, बस गुड लिख दीजिए. सब यही लिखते हैं."

सर म्हणाले, "सब लिखते हैं, इसीलिए तो..." आणि थांबले. संभा शेजारी येऊन उभा राहिला होता.

"सर, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तुमाला म्हाईत न्हाई तर तुमी कसं लिवणार? मी जातो घरी. आईला सांगतो मी. तुमी वाईट वाटून घ्यू नका."

एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. सर त्याच्याकडे बघत राहिले. मागची रांग कुरकुरायला लागली. मग त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, टेबलावर वाकले, आधीचं वाक्य खोडलं, वर गुड लिहिलं आणि शेजारी सही केली. मी शिक्का मारला.

"संभाजी, हे मी आगाऊ लिहिलंय," सर म्हणाले. "आता दर सुट्टीत यायचं आणि एक गोष्ट मला सांगायची. केलेली. आलं लक्षात?"

"व्हय सर," म्हणून पोरगं पळालं, ते आत सोडेपर्यंतही थांबवेना त्याला. त्या भरतीत तो लागला.

शाळेत दुसऱ्या दिवसापासून एक फरक पडला. "कशावरून?" विचारलं की पुढच्या बाकांवरचे हात वर व्हायचे, आणि सर त्यांना "तुमचं मला माहीत आहे" म्हणून शेवटच्या बाकांपाशी जाऊन उभे राहायचे. तिथली पोरं आधी लाजली, मग बोलायला लागली. वर्ग जास्त वेळ उभा राहायचा. इंग्रजीचा अभ्यासक्रम त्या वर्षी मागे पडला आणि मी माझे दोन तास सरांना देऊन टाकले.

संभा पहिल्या सुट्टीत आला. सरांच्या ओसरीवर सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ट्रेनिंगात नुसतं पळिवलं. सांगण्याजोगं काय न्हाई." सर म्हणाले, "बरं. पुढच्या सुट्टीत ये." काकूंनी त्याला स्वयंपाकघरात नेऊन भरपेट खाऊ घातलं. पुढच्या सुट्टीत त्याने काहीतरी सांगितलं, कुणाचा तरी जड पिट्टू, म्हणजे पाठीवरची सामानाची पिशवी, डोंगरावर वाहिल्याचं. सर ऐकून म्हणाले, "बरं. पुढच्या सुट्टीत ये." त्याच्यापुढच्या सुट्टीतही तेच. तो सांगायचा, सर बारकाईने ऐकायचे, दोन प्रश्न विचारायचे, आणि बरं म्हणायचे. टेबलावर लिहिलेला तो शब्द त्यांनी तोंडाने एकदाही उच्चारला नाही.

निवृत्त झाल्यावर सर आणि काकू लेकीजवळ राहायला विश्रामबागेत गेले, म्हणजे माझ्याच माहेरच्या भागात. मी सुट्टीत घरी गेले की त्यांना भेटायचे. तिसऱ्या मजल्यावरची जागा, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची. सर वाळले होते. सकाळी कुणी गुड मॉर्निंग म्हणत नव्हतं आणि नातवंडांना कशावरून विचारायला वेळ नव्हता. मला ते बघवत नसे. संभा मात्र तिथंही यायचा, म्हसवडहून एसटीने सांगलीला, दर सुट्टीत, हातात सिद्धनाथाच्या प्रसादाची पुडी घेऊन.

एकदा तो येऊन गेला आणि मी सरांना म्हटलं, "आता तरी म्हणा हो त्याला गुड. किती तंगवाल?"

सर काही बोलायच्या आत काकू आतून म्हणाल्या, "अगं, त्याचं कधीच झालंय. साताऱ्याला टेबलापाशी उभा राहून 'ऱ्हाऊ द्या सर' म्हणाला ना, तेव्हाच झालंय. घरी येऊन मला सांगितलं होतं यांनी. पण एकदा गुड म्हटलं की हा यायचा बंद होईल, म्हणून तोंडाला कुलूप लावून बसलेत."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. कशावरून, असं मात्र त्यांनी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सरांच्या लेकीचा फोन आला, सर गेल्याचा. मी शाळेतच होते. आता मुख्याध्यापिका आहे, तरी आठवीचा एक तास मी स्वतः घेते. फोन ठेवून वर्गात गेले तर पोरांनी सूर लावला, "गुऽऽड..." मी हात वर केला. म्हटलं, "आज नुसतं म्हणा." या पोरांनी सरांना पाहिलेलं नाही. पण त्यांच्या आईबापांनी पाहिलंय. "मॉर्निंग, बाई," असं म्हणून ती उभीच राहिली, मी बसा म्हणेपर्यंत.

आता दाखले कॉम्प्युटरवर निघतात. नाव भरायच्या आधीच वर्तणुकीसमोर गुड येऊन बसलेलं असतं. मी सही करते, कारण करावीच लागते. पण मुलाला समोर उभं करून एक गोष्ट विचारते आणि मगच शिक्का मारते. नवीन क्लार्कला वाटतं, बाईंचं वय झालं.

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या दारात कुणीतरी बूट आपटून उभं राहिलं. बघते तो संभा. अंग भरलंय, मिशी आलीय, हातात प्रसादाची पुडी.

"बाई, सुट्टी संपत आली. काकूंकडं जाऊन आलो. पर सांगायचं ऱ्हायलंय." तो पुडीशी चाळा करत राहिला. "कुणाला सांगू?"

मी म्हटलं, "मला सांग. बस."

तो बसला नाही. सरांसमोर कधी बसला नव्हता. सावधान उभा राहून सांगायला लागला.

"आमच्यात एक नवं पोरगं आलंय, लांब पूर्वेकडचं. रोज सांजच्याला त्याच्या आईचा फोन येतो. त्यो उचलत न्हाई. उचलला की रडू येतं त्येला, आन् समद्यांम्होरं रडायची लाज वाटती. मंग मीच उचलतो. तिची भाषा मला येत न्हाई, माजी तिला येत न्हाई. मी नुसतं सांगतो, रोटी खाया. दाल खाया. दूध पिया. ती तिकडं हां हां करती. मंग फोन त्येच्या कानाला लावतो. त्यो बोलत न्हाई. नुसता ऐकतो. येवढंच हाय, बाई."

दोन प्रश्न विचारायचे असतात, हे मला माहीत होतं. मी विचारलं, "रोज?"

"व्हय. मी सुट्टीवर आलोय तर आता दुसऱ्याला सांगून आलोय."

"आणि त्याने खरंच दूध प्यालेलं असतं?"

संभा पहिल्यांदा हसला. "मी पाजतो की आधी. खोटं कसं सांगायचं तिला?"

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवायला फायली सारख्या करत बसले. शब्द अगदी ओठांवर आला होता. इतकी वर्षं त्याने ज्याची वाट बघितली तो शब्द, आणि तो म्हणायचा हक्क आता माझ्याशिवाय कुणाकडे उरला नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बरं," मी म्हणाले. "पुढच्या सुट्टीत ये."

त्याने क्षणभर बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी साताऱ्याच्या मैदानावर तो आत पळाला तेव्हा पाहिलं होतं. त्याने प्रसादाची पुडी टेबलावर ठेवली, टोपी नीट केली.

"येतो की, बाई," तो म्हणाला.